आगपेटीएवढी खरी आरएक्स

भोसरीच्या पावडर कोटिंगवाल्याकडे सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा, होऊन माझ्या जुन्या यामाहा मोटारसायकलची फ्रेम बाहेर आली, तेव्हा माझी मलाच ओळखू येईना. रंग, गंज, ग्रीस सगळं उडून नुसतं राखाडी लोखंड उरलं होतं. मशिनवरचा पोरगा तोंडावरचं फडकं काढत म्हणाला, "साहेब, हेडला कधी अ‍ॅक्सिडेंट झालता का?" मी नाही म्हटलं. त्याने बोट ठेवून दाखवलं. हेड म्हणजे हँडलचा टी ज्या नळीत बसतो ती, आणि तिच्या उजव्या अंगाला चेसिस नंबर ठोकलेला असतो. त्या नंबराच्या चारी बाजूंनी वेल्डिंगची बारीक शिवण होती. आगपेटीपेक्षा जरा मोठा तुकडा, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीतून कापून इथे बसवलेला. वरून लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून घासलेली, त्यावर काळा रंग. ब्लास्टिंगमध्ये लांबी उडाली आणि शिवण उघडी पडली.

तोवर माझे १,२९,००० रुपये गेले होते.

आता पहिल्यापासून सांगतो. यामाहा आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ च्या अखेरीस आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. माझ्या चुलतभावाकडे होती. कॉलेजात असताना पेट्रोलचे पैसे भरायच्या बोलीवर ती मला अधूनमधून मिळायची, तेव्हापासूनचं हे वेड. पण वेड एकट्या माझंच नाही. मागणी वाढतच चालली आहे, गाड्या मात्र होत्या तेवढ्याच, किंबहुना दरवर्षी कमी. मग बिनकागदाच्या गाड्या आणि बिनगाडीचे कागद यांची लग्नं जुळवणारे लोक तयार होतात. अशाच एका जुळवणाऱ्याच्या दारात मी २०२३ च्या फेब्रुवारीत, एका रविवारी जाऊन उभा राहिलो. सांगली जिल्ह्यातलं गाव. १९९४ चं मॉडेल, एमएच १० पासिंग.

मी अगदीच आंधळा गेलो नव्हतो. टू-स्ट्रोक गाडी गार असताना चालू करून बघायची, हे मला माहीत होतं. विक्रेता आधी इंजिन तापवून ठेवतो आणि मग "एका किकला बघा" म्हणतो. हा गडी स्वतःच म्हणाला, "हात लावून बघा सर, सकाळपासनं चालू केलेली न्हाई." सिलिंडर थंडगार होता. तिसऱ्या किकला गाडी उठली. ऑइल पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल ओतणारे बरेच असतात, म्हणून पंपाची केबल बघायची होती. मी वाकायच्या आत त्याने झाकण उघडलं. पंप जोडलेला. चार गिअर नीट पडत होते. शेवटी नंबर. त्याने खिशातला रुमाल काढून इंजिन नंबर पुसला, मग हेडवरचा चेसिस नंबर पुसला, गाडीचं आरसी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "एकेक आकडा वाचा." मी वाचला. दोन्ही जुळले. नंबर ठोकायचा पंच बनावट असेल तर आकड्यांचं वळण वेगळं दिसतं असं ऐकलं होतं, म्हणून मोबाइलवर जमवलेले जुन्या नंबरांचे फोटोही ताडून पाहिले. वळण कंपनीचंच.

आणि ते होतंच कंपनीचं! आज मला याचंच नवल वाटतं. मला जे जे तपासता येत होतं, ते त्याने आधीच खरं करून ठेवलं होतं.

वर एक खोट त्याने आपणहून सांगितली. पुस्तक २०१४ लाच संपलंय. १५ वर्षांनी २००९ मध्ये रिपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, केलं, पाच वर्षं मिळाली, त्यानंतर कुणी केलंच नाही. "ग्रीन टॅक्स भरा, इन्स्पेक्टरला गाडी दाखवा, परत पाच वर्सं मिळत्यात. त्यो खर्च तुमचा. म्हणून तर अठ्ठ्याहत्तरला देतोय, न्हाईतर कागदावरची आरएक्स लाखाच्या खाली दावा मला." परिवहनच्या साइटवर गाडी दिसत नव्हती, त्यालाही उत्तर तयार होतं. जुनी पुस्तकं संगणकात चढवायची राहिली आहेत, आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री करावी लागते. हेही खोटं नाही, पुष्कळ जुन्या गाड्यांचं असंच आहे. जो माणूस आपल्या मालातलं वैगुण्य स्वतः सांगतो, त्याच्यावर आपण पटकन विश्वास टाकतो. मी टाकला.

मूळ मालक कुठे आहेत, हे मी विचारलं होतं बरं का. "वय झालंय, मुंबईला लेकाकडं असत्यात. टीटी फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्यात." टीटी म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, २९ आणि ३०. खाली इंग्रजी सही, तारखेची जागा कोरी. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे इतकं सर्रास चालतं की त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवावं असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात सह्या केलेले कोरे फॉर्म चार-चार मालकांच्या कपाटांतून फिरत असतात.

पाच हजार ऑनलाइन, बाकीचे रोख. शंभराच्या स्टॅम्पवर त्याने आनंदाने लिहूनही दिलं. त्यावरचा पत्ता त्याचा नव्हता, हे नंतर कळलं.

एक गोष्ट मला दिसली होती आणि मी ती सोडून दिली. सगळ्या फ्रेमचा रंग जुना, पोपडे आलेला, आणि हेड तेवढं ताजं काळं. मी विचारलंही. "केबल घासून रंग गेलता, टच मारला," तो म्हणाला. केबल तिथे घासतात हे खरं आहे. पण केबल घासून रंग गेला तर चरे पडतात. चारी बाजूंनी गुळगुळीत पृष्ठभाग होत नाही. खिशात साधं लोहचुंबक असतं तरी पुरलं असतं. लांबीवर ते लोखंडासारखं चिकटत नाही. थिनरचा बोळा फिरवायला त्याने दिला नसता, आणि त्याच्या त्या नकारातच मला उत्तर मिळालं असतं.

यापुढची चूक मात्र माझी एकट्याची. पुण्याला आणल्यावर गाडी आधी आरटीओला न्यायला हवी होती. तिथे मोटार वाहन निरीक्षक नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतो, छाप घेतो, हेड निरखतो. त्याच्या डोळ्यांखालून अशा शंभर गाड्या गेलेल्या असतात. मी आणि गॅरेजवाल्याने मिळून उलटं ठरवलं. आधी गाडी चकाचक करू, मग पासिंगला नेऊ, म्हणजे इन्स्पेक्टर काही काढणार नाही. फोटो काढायची हौसही त्यात होतीच.

इंजिन खोललं तेव्हा पिस्टनच्या डोक्यावर "१००" असा ठसा होता. मी खूश. म्हटलं, बघा, ओरिजिनल आरएक्स १०० चा पिस्टन! गॅरेजवाला हसला. तो मॉडेलचा आकडा नव्हताच. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ते सिलिंडरचं भोक, झिजला की ब्लॉक पाव-पाव मिलिमीटरने मोठा करून पिस्टन घालतात, त्यातली ही शेवटची पायरी, एक मिलिमीटर. पुढे बोअरिंगला जागा नाही, आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, घालावी लागणार. इंजिनाला १९,००० लागले. मडगार्ड, सायलेन्सर आणि बारीकसारीक भागांचं क्रोमिंग साडेनऊ हजार. टाकी आणि साइड पॅनेलचा रंग सात. वायरिंग, मीटर, सीट, नाना पेठेतले आणि जुन्या बाजारातले सुटे भाग मिळून बारा. टेम्पोचे साडेतीन आधीच गेले होते. फ्रेम शेवटी ठेवली, कारण पावडर कोटिंगवाल्याकडे रांग होती. ती पहिल्यांदा दिली असती तर किमान इंजिन आणि क्रोमचे पैसे तरी वाचले असते.

शिवण बघून गॅरेजवाल्याला काही धक्का बसला नाही. "घासून घेऊ, वर पावडर मारू. कुणाला कळतंय साहेब?" हा माणूस कामाला चांगला आहे, त्याने मला एका पैशाला फसवलेलं नाही, आणि तरीही हे वाक्य त्याच्या तोंडून "चहा घेणार का" इतक्या सहज आलं. खरं सांगतो, त्या रात्री मी त्यावर विचार केला. पावडर मारायची, जाहिरात द्यायची, "रिस्टोर्ड, मॅचिंग नंबर" लिहायचं. दीड लाखाला कुणीही नेली असती. मला विकली तीही याच रीतीने, फक्त रंग स्वस्तातला होता.

सकाळी वकील मित्राला फोन केला. तो म्हणाला, आजच्या आज लेखी अर्ज दे. फ्रेम चोरीची निघाली आणि तुला माहीत असूनही तू गप्प बसलास असं ठरलं, तर विकत घेणारा तूही अडकशील. फ्रेमला हात लावू नको, रंग नको, वेल्डिंग नको. पुण्यातल्या ठाण्यात सांगितलं गेलं, व्यवहार जिथे झाला तिथे जा. तिथे गेलो तर विचारणा झाली, गाडी तुम्हीच बघून घेतलीत ना, मग फसवलं कसं? शेवटी अर्ज घेतला, पोच दिली. विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता.

पुस्तकावर मूळ मालकाचं नाव-पत्ता होता. तिकडे जाणं मला व्यवहाराच्या आधी सुचायला हवं होतं, ते व्यवहारानंतर चार महिन्यांनी सुचलं. विक्रेत्याच्या गावापासून पाऊण तासाच्या अंतरावर. दारात माझ्याच वयाचा माणूस भेटला, मालकांचा मुलगा. मुंबईला तो कधी राहिलेलाच नव्हता. पुस्तक बघून तो गप्प झाला, मग म्हणाला, "आबा २०१२ ला वारले. गाडी गोठ्यात पडून होती, २०१५ ला भंगारवाल्याला दिली. पुस्तक पण मागून घेतलं त्यानं. म्हणाला, तोडायला कागद लागतो."

गावच्या भंगारवाल्याला तेव्हा गाडी तोडायला मालकाचं पुस्तक कशाला लागत होतं? उलट गाडी मोडीत काढली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. गावाकडे हे कुणाला ठाऊक? पुस्तक नुसतं घरात ठेवलं असतं तरी माझ्यापर्यंत ही गाडी आली नसती. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायचा फॉर्मही वेगळा असतो, ३१ नंबरचा. माझ्याकडच्या २९ आणि ३० वर वारलेल्या माणसाची सही होती. मुलाने ती बघितली. "आबा मराठीत सही करायचे."

म्हणजे पुस्तक खरं, नंबर खरा, इंजिन बहुधा आबांच्याच गाडीचं. आणि हेडचा तो आगपेटीएवढा तुकडा खरा. बाकीची गाडी कुणाची, हे अजून कुणाला माहीत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' साइटवर नंबर टाकून गाडी चोरीला गेल्याची नोंद आहे का ते बघता येतं. मी टाकला, काहीच निघालं नाही. निघणार कसं? आबांची गाडी चोरीला गेलीच नव्हती. चोरीला गेली असेल तर ही फ्रेम, आणि तिचा नंबर कापून काढलेला आहे.

मुलाने चहा दिला. निघताना त्याने विचारलं, "टाकीला उजव्या बाजूला पोचा आहे का? मी पाडलावता. आबांनी दोन दिवस गाडीला हात लावू दिला नव्हता." मी रंगाला द्यायच्या आधी काढलेले फोटो दाखवले. त्याने मोठे करकरून बघितले आणि मोबाइल परत दिला. पोचा नव्हता.

परवा पावडर कोटिंगवाल्याचा फोन आला. रॅकवर जागा लागतेय, रंग मारायचा नसेल तर फ्रेम घेऊन जा म्हणाला. उघडं लोखंड पावसाळ्यात गंजेल म्हणून मी त्याला तेवढं ऑइल पुसून ठेवायला सांगितलं. हेडवर जरा जास्त पूस, म्हटलं, नंबर दिसला पाहिजे.