क्लच नवा, बोल्टवरचा चिखल जुना

जुन्या गाडीवर बराच खर्च झाल्यावर शहाणपण सुचलं. निदान तुमचे तरी पैसे वाचावेत म्हणून लिहितोय.

गाडी पेट्रोलवरची, मॅन्युअल गिअरची, वयाने थकलेली. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय स्थिर ठेवला तरी इंजिन आपोआप हुंकार द्यायचं आणि दबायचं. झुल्यावर बसल्यासारखी गाडी पुढे-मागे व्हायची. चढ आला की जीवच जायचा. मी गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं, "पिकअप नाही, रेस वरखाली होते." चूक इथेच झाली. एवढ्यावरून कुणीही काहीही बदलून देऊ शकतो.

तिथल्या मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि पाच मिनिटांत निकाल दिला: "क्लच प्लेट गेली साहेब, घसरते." प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पूर्ण सेट. संध्याकाळी गाडी मिळाली. पेडल खरंच वेगळं लागत होतं, हलकं आणि खाली धरणारं. मी खूश. दोन दिवसांत पुन्हा तेच झटके. मग "फ्युएल पंप", त्याचेही पैसे दिले. तरी फरक नाही. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "इंजिनाचा कॉम्प्युटर बदलावा लागेल." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

दुसऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आधी एकच विचारलं: "झटका बसतो तेव्हा दोन्ही काटे बघितलेत का?" नव्हते बघितले. क्लच इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोचवतो; तो घसरत असेल तर आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा वर पळतो आणि वेगाचा काटा जागेवर राहतो. माझ्या गाडीत दोन्ही बरोबर चढत होते, बरोबर उतरत होते. म्हणजे चाकांपर्यंत ताकद नीट जात होती, मुळात इंजिनच कमी-जास्त ताकद देत होतं. खात्रीसाठी त्याने सपाटीवर हँडब्रेक ओढला, समोर कुणी नाही हे बघितलं, चौथा गिअर टाकून थोड्या रेसवर क्लच हळूहळू सोडला. इंजिन लगेच बंद पडलं. क्लच घसरणारा असता तर चालूच राहिलं असतं. (ही चाचणी एकदाच करा, सारखी केली तर चांगला क्लचही जळेल.)

मग गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावला. कोड निघाला पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पेट्रोल इंजिनाला साधारण १ भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते. किती हवा आत गेली हे सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. सेन्सरच्या पुढे कुठे भोक असेल तर तिथून शिरलेली हवा हिशेबात येतच नाही. त्याने सेन्सरपासून थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेकडे) जाणारा रबरी पाइप खालून चाचपला आणि घडीत बोट घातलं. बोटभर चीर, वरून अजिबात न दिसणारी. इंजिनाचे माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) जुने, त्यामुळे रेस दिली की इंजिन कलायचं आणि चीर उघडायची. पाय काढला की पुन्हा मिटायची. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दोष का दिसत नव्हता ते तेव्हा कळलं.

पाइप बदलायला अर्धा तासही लागला नाही. एक रबरी नळी आणि दोन क्लॅम्प.

गाडी लिफ्टवर होतीच, म्हणून त्याने मला खाली बोलावून टॉर्च मारला. गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या बोल्टच्या डोक्यांवर सुका चिखल थापलेला, त्याखाली गंज. पान्याचा एकही ओरखडा नाही. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय क्लच प्लेट बदलताच येत नाही. चमकत होता तो फक्त क्लच केबलचा नट. तेवढा फिरवून पेडल "नवं" केलं होतं, आणि त्याच पेडलवर माझा विश्वास बसला होता.

जुने पार्ट मागायला पहिल्याकडे गेलो. "भंगारात गेले साहेब." बिल काढून बघितलं तर "क्लच काम" एवढंच लिहिलेलं, पार्टचा नंबर नाही, बदलला की ॲडजस्ट केला तेही नाही. मी ते न वाचताच घडी घालून ठेवलं होतं. आता कुठेही गेलो की गाडी सोडतानाच सांगतो, जुने पार्ट डिकीत ठेवा.

जुनी प्लेट अजून गाडीतच आहे. काल चढावर चौथ्या गिअरमध्ये दाबून ओढली. घसरत नाही.