मोठी पाइप का खोलगट बाग? कॉलनीतल्या पावसाच्या पाण्याचं काय करायचं

कोल्हापुरात मित्राच्या कॉलनीत वाद पेटलाय, रस्त्याखाली डबल साइजची पाइप टाकायची का ओपन स्पेस खोलगट करून पाणी अडवायचं. पुढं पाऊस किती पडणार कुणाला ठाऊक, म्हणून ठेकेदाराचं ब्रोशर बाजूला ठेवून बघू.

पाणी किती पेलतंय? पाइपचा व्यास डबल केला की त्याच उतारावर साधारण सहापट पाणी जातंय, भारीच. पण भावा, जाणार कुठं? जयंती नाल्यात आणि तिथनं पंचगंगेत. राजाराम बंधाऱ्यावर नदी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेली की नाल्यातच फुगवटा येतोय, २०१९ ला आणि २०२१ ला सगळ्यांनी बघितलंय, मग तोंड बुडालेली पाइप कितीबी मोठी असूदे, पाणी उलटं येणार. झडप बसवली तर उलटं येत नाही, पण आतलंबी बाहेर जात नाही.

खोलगट जागेचं गणित सोपं, एका गुंठ्यावर ५० मिमी म्हणजे जवळपास ५००० लिटर. फक्त काळ्या मातीत मुरण्याच्या भरवशावर बसू नका, जुलैत जमीन आधीच तुडुंब असती, ओव्हरफ्लो पाहिजेच.

खर्चात पाइप जड, आणि अंदाज चुकला तर रस्ता परत उकरा. बाग टप्प्याटप्प्यानं वाढवता येती. गाळ दोन्हीकडं काढायलाच लागतोय, बागेत निदान दिसतोय तरी.

उंचावर, उतार चांगला, जागा नाही: पाइप. नाल्याकाठी सखल कॉलनी असंल तर आधी साठवण, मग झडपेची बेताची पाइप आणि पंप.