जावयासाठी ‘कुळाचा’ किल्ट घेतला, आणि कापडवाला असून फसलो

सांगलीत साड्यांच्या दुकानात माझी ३१ वर्षं गेली. गिऱ्हाइकानं पैठणी हातात घेतली की पदर उलटा करून मीच दाखवतो. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचून ‘याला कपड्यातलं काय कळतंय’ असं कुणी म्हणायला नको. कळतं. तरी फसलो.

लेकीचं लग्न एडिनबरात ठरलं. जावई तिथलाच, आडनाव विल्सन. आहेरात अंगठी होतीच, पण माझ्या डोक्यात आलं की त्याला त्याच्या कुळाचा किल्ट द्यावा, म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष कमरेला नेसतात तो चुण्यांचा घेर. आपल्याकडे जसं देवक, कुलदैवत, तसं तिकडे घराण्याघराण्याचं ठरलेलं चौकडीचं कापड असतं, त्याला टार्टन म्हणतात, एवढं ऐकून होतो. लग्नाला नऊ दिवस होते. कुणाला पत्ता लागू न देता किल्ल्याखालच्या रॉयल माइल या रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो.

काउंटरवरच्या माणसानं आडनाव विचारलं. प्लास्टिकमध्ये मढवलेल्या यादीवरून बोट खाली नेलं आणि म्हणाला, “विल्सन! म्हणजे गन क्लॅन, गन कूळ. पार उत्तरेची, केथनेसकडची लढवय्यी माणसं.” बाहेर बॅगपाइप वाजत होता. त्या क्षणी माझ्यातला कापडवाला दुकानाबाहेर गेला आणि मुलीचा बाप तेवढा आत उरला.

त्यानं दोन तागे काढले. हिरव्या-निळ्या चौकडीत बारीक लाल रेघ. एक गडद, एक फिकट. फिकट्याचं नाव ‘एन्शंट गन’. “हा जुना, मूळचा,” म्हणून त्याचे ४० पौंड जादा. आठ यार्ड शुद्ध लोकर, सगळी हातशिलाई, आणि चार दिवसांत तयार. शिवाय फ्रेममध्ये ‘विल्सन घराण्याचं’ मानचिन्ह आणि प्रमाणपत्र, त्याचे ६०. एकूण ३५० पौंड मोजले, म्हणजे जवळपास ३७ हजार रुपये. बिलावर लिहिलं होतं, ‘किल्ट १, प्रमाणपत्र १’. बस्स. ‘प्युअर सिल्क’ लिहिल्याशिवाय बिल फाडायचं नाही, असं दुकानातल्या पोरांना मी रोज बजावतो.

चार दिवसांनी घरी पुडकं उघडलं. विहीणबाईंनी कापडावरून बोटं फिरवली, “छान आहे हो,” म्हणाल्या आणि गप्प बसल्या. असं गप्प बसणारी गिऱ्हाइकं मी ३१ वर्षं बघतोय.

रात्री किल्ट दिव्याखाली घेतला. काठाच्या आतून एक धागा उपसला आणि काडी लावली. लोकर जळते तेव्हा केस जळाल्यासारखा वास येतो आणि चुरगळली की राख होते. हा धागा वितळला, आखडला, टोकाला काळा कडक मणी झाला. ॲक्रिलिक. कमरपट्ट्याच्या आत, धाग्याचा प्रकार सांगणारी पट्टी असते तिथे, कात्रीनं कापलेलं टोक तेवढं होतं. मग मागच्या चुण्या. चांगल्या किल्टच्या चुण्या अशा घालतात की घडीवर घडी पडूनही मागून चौकडी अखंड दिसते. इथे उभी लाल रेघ एका चुणीत मधोमध, दुसरीत काठाला, तिसरीत बेपत्ता. टेप काढून खालचा काठ घडीघडीनं मोजला तर साडेचार यार्ड भरला. माझी आई जन्मभर नऊवारी नेसली. आठ यार्डांचा घेर हाताला कसा लागतो, हे मला टेपनं कळावं?

आणि हातशिलाईचा पूर्ण घेराचा किल्ट चार दिवसांत होत नाही. कारागिराकडे त्याला काही आठवडे लागतात. हे जावयानं सांगितलं, तेही मी चौथ्यांदा विचारल्यावर.

कापडाचं झालं. कुळाचं तर त्याहून मजेदार. दुसऱ्या दिवशी चहाला विहीणबाई म्हणाल्या, “आमची माणसं फाइफमधल्या कोळशाच्या खाणीत राबणारी. घरात किल्ट कुणाचाच नव्हता. यांनी लग्नात घातला तोसुद्धा भाड्याचा.” विल्सन म्हणजे विल्यमचा मुलगा. उत्तरेतली काही विल्सन घराणी गन क्लॅनमध्ये धरतात हे खरं, पण विल्यम काय एकाच गावात जन्मले? आपल्याकडचे सगळे पाटील एका कुळात बसवण्यातला प्रकार. गिरगाव चौपाटीवरचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते जॉन विल्सन लॉडरचे, म्हणजे दक्षिणेच्या सीमाभागातले. केथनेस राहिलं देशाच्या दुसऱ्या टोकाला.

मग मी नाद लागल्यासारखा वाचत बसलो. १७४६च्या कलोडनच्या लढाईत बंडखोर हरल्यावर सरकारनं हायलँड म्हणजे डोंगराळ भागातल्या या पोशाखावर बंदी घातली, ती उठली १७८२ साली. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीनं क्लॅनच्या प्रमुखांकडे त्यांच्या टार्टनचे नमुने मागितले, तर आपला टार्टन कुठला हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबरात आला. स्वागताचा थाट कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं मांडला आणि टार्टनसाठी एकच झुंबड उडाली. बॅनॉकबर्न गावच्या विणकरांच्या वहीत नुसते आकडे असलेल्या नमुन्यांनाही पुढे घराण्यांची नावं चिकटली. १८४२ मध्ये दोन भावांनी तर जुन्या हस्तलिखिताचा हवाला देऊन क्लॅनच्या टार्टनचं पुस्तकच काढलं. ते मूळ हस्तलिखित त्यांनी कधी कुणासमोर आणलं नाही. त्यातले कितीतरी टार्टन आज मानानं वापरात आहेत. म्हणजे माझा दुकानदार परंपरेला धरूनच वागला म्हणायचं!

‘एन्शंट’चे ४० पौंड मात्र फार झोंबले. टार्टनच्या नावातल्या ‘एन्शंट’चा वयाशी काही संबंध नाही. जुन्या वनस्पतीच्या रंगांसारखी फिकी छटा म्हणजे ‘एन्शंट’, गडद छटा म्हणजे ‘मॉडर्न’. डिझाइन तेच. धंद्यातला साधा शब्द मला इतिहास म्हणून विकला. आणि ते मानचिन्ह? स्कॉटलंडमध्ये ते आडनावाला नसतं, एका माणसाला दिलेलं असतं. ते देणारं लॉर्ड लायनचं न्यायालय एडिनबरातच आहे.

परत दुकानात गेलो. मापाचं शिवलेलं परत घेत नाही, म्हणाला. तिथल्या २०१५च्या ग्राहक कायद्यानुसार सांगितल्याप्रमाणे नसलेला माल ३० दिवसांत परत करता येतो, मापाचा असला तरी. पण सांगितलं काय होतं, हे दाखवायला माझ्याकडे एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. ६० पौंड देऊन त्यानं फ्रेम तेवढी ठेवून घेतली.

तुमच्या घरात असं लग्न असेल तर घाई करू नका. बिलावर धागा, कापडाचं वजन (चांगल्या किल्टचं कापड यार्डाला १३ किंवा १६ औंस भरतं) आणि यार्ड लिहून घ्या. नाव खरंच नोंदलंय का, ते स्कॉटलंडच्या सरकारी टार्टन नोंदवहीत फुकट शोधता येतं. ती २००९ पासून सुरू आहे. आणि कुठलाही टार्टन कुणीही नेसला तरी कायदा आड येत नाही. आवडला तो घ्या, फक्त लोकरीचा घ्या.

जावयानं तो किल्ट मेहंदीच्या संध्याकाळी हट्टानं घातला. लग्नाच्या आदल्या दिवशी मी विहीणबाईंना पैठणी दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली, मोर बघितले, मग माझ्याकडे बघत सावकाश पदर उलटा केला.

“यात काय बघायचं असतं?” त्यांनी विचारलं.

मी खुर्ची जवळ ओढली.