स्वयंपाकघरात धूर ओढायला पाइपवाली चिमणीच घ्या, सहा महिने वापरून सांगतेय
लालबागला आमचं वन रूम किचन, बोंबील तळले की धूर थेट आईच्या पलंगापर्यंत आणि तिला खोकल्याची उबळ. आधी बिनपाइपची घेतली होती, ती कार्बन फिल्टरमधून हवा फिरवून परत घरातच सोडते, वास कमी होतो पण गॅसच्या ज्योतीतला नायट्रोजन डायऑक्साइड हा त्रासदायक वायू बराचसा घरातच राहतो. आता ही १२०० सक्शनची (म्हणजे तासाला १२०० घनमीटर हवा ओढणारी), पाइप खिडकीबाहेर काढलेली, मिरचीची फोडणी दिली तरी डोळे चुरचुरत नाहीत. फक्त गॅस पेटवायच्या आधी चालू करा आणि नंतरही दहा मिनिटं राहू द्या. तेल धुरायला लागलं की आच कमी कराच, त्या धुरात अ‍ॅक्रोलिन असतं, घसा जाळतं. चिमणीची तेल साठणारी वाटी पंधरा दिवसांनी काढते, तळाशी चिकट तपकिरी थर, हे सगळं आधी आमच्या भिंतींवर आणि छातीत जात होतं. आवाज मात्र जास्त आहे.