डिझायर विकून २००२ ची होंडा सिटी व्हीटेक: चौदा महिने रोज चालवल्यावर

गेल्या वर्षी चांगली चालती डिझेल डिझायर विकली आणि तेवीस वर्षांची होंडा सिटी १.५ व्हीटेक दारात आणली. हीच रोजची गाडी. कोल्हापुरात फुलेवाडी ते गोकुळ शिरगाव, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, शिवाय अधूनमधून कोकण आणि पुणे. चौदा महिन्यांत १३,४०० किलोमीटर झाले. ओळखीतली तीन-चार पोरं सध्या अशीच गाडी शोधतायत आणि प्रत्येक जण फोनवर तेच तेच विचारतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी डिझायरबद्दल, कारण तिच्यावर अन्याय नको. १२४८ सीसीचं ते डिझेल इंजिन, लिटरला वीसच्या खाली कधी आलं नाही. नऊ वर्षांत रस्त्यात एकदाही उभी राहिली नाही. आण्णांना दवाखान्यात न्यायचं असो की गौरी-गणपतीला गावी जायचं असो, किल्ली फिरवली की निघालो. ज्याला गाडीकडून एवढंच हवंय त्याने तशीच गाडी ठेवावी, हे मी मनापासून सांगतो.

माझं दुखणं वेगळं होतं. डिप्लोमाला असताना, २००१ च्या सुमारास, राजारामपुरीत एका डॉक्टरांकडे नवी व्हीटेक आली होती. संध्याकाळी ते मेन रोडला लागले की दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज मध्येच बदलायचा, जाड आवाज एकदम ताणून धारदार व्हायचा. आम्ही मित्र चहाच्या गाड्यावर त्यासाठी थांबायचो. पुढे फाउंड्रीत लागलो, मशिनिंगच्या तपासणीला बसलो आणि त्या आवाजामागे काय चालतं ते कळलं. तेव्हापासून ती गाडी डोक्यातून गेली नाही.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण गाडीचा सगळा जीव तिथे आहे. दर सिलिंडरच्या इनटेक बाजूला (जिथून हवा आत येते) कॅमशाफ्टवर तीन लोब, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे, असतात. खालच्या आरपीएमला कडेचे दोन लोब व्हॉल्व्ह उघडतात, मधला उंच लोब नुसताच फिरत राहतो. आरपीएम वर गेला की कॉम्प्युटर एक सोलेनॉइड उघडतो, ऑइलच्या दाबाने रॉकर आर्ममधली पिन सरकते, तिन्ही आर्म एकमेकांत अडकतात आणि दोन्ही व्हॉल्व्ह त्या उंच लोबवर चालायला लागतात. व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. यालाच व्हीटेक म्हणतात. १४९३ सीसीतून १०६ अश्वशक्ती निघते ती अशी. २००० साली आपल्याकडे एवढ्या आकाराच्या इंजिनातून इतकी ताकद देणारी दुसरी सेदान जवळपास नव्हतीच. २००३ मध्ये पुढची सिटी आली ती ७७ अश्वशक्तीची, अ‍ॅव्हरेजसाठी बनवलेली. त्यामुळे ही व्हीटेक मधल्या तीन-चार वर्षांचीच, आणि त्यातल्या धड गाड्या आता शोधाव्या लागतात.

मला सांगलीत मिळाली. दुसरा मालक, १ लाख १२ हजार किलोमीटर, किंमत १ लाख ६० हजार. बॉडी सरळ होती, चेसिसला वेल्डिंगचा डाग नव्हता, ऑइल कॅपच्या आत काळा चिखल नव्हता. मी एवढंच पाहिलं. बाकी सगळं बदलता येतं.

आणि सगळं बदलावंच लागलं. हा मुद्दा पोरांना पटत नाही, म्हणून जरा लांबवतो. अशा गाडीत लोखंड शाबूत असतं, रबर मेलेलं असतं. टायमिंग बेल्ट, ऑइल सील, सस्पेन्शनच्या बुश, इंजिन माउंटिंग, रेडिएटरचे होज, ब्रेकचे होज, दाराचं रबर. गाडी किती पळाली याच्याशी त्याचा संबंध नाही, तेवीस उन्हाळे झाले एवढं पुरे. विकणारा म्हणतो "इंजिन एक नंबर" आणि ते खरंही असतं, पण बेल्ट तुटला तर तेच इंजिन उघडावं लागणार. म्हणून घेतल्याच्या आठवड्यात अलॉय आणि म्युझिक सिस्टिमचा विषय बाजूला ठेवून बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि सील असं काम पहिलं काढलं.

तिथेच पहिला फटका बसला. गडबडीत एका चकचकीत गॅरेजमध्ये काम दिलं. गाडी परत आली ती आयडलिंगला थरथरत, आणि खालून ओढ नाहीच. "जुनी गाडी आहे, असंच असतंय" म्हणाले. आठ दिवस मी तशीच चालवली आणि जीव कासावीस झाला. शेवटी उद्यमनगरात, लेथ आणि वर्कशॉपच्या वस्तीत, एका मेस्त्रींकडे नेली. त्यांनी कव्हर काढलं, क्रँक हाताने फिरवून खुणेवर आणली आणि मला वर कॅमच्या पुलीकडे बघायला सांगितलं. खूण एका दाताने सरकलेली. बेल्ट एक दात चुकून बसवला होता. पाऊण तासाचं काम, त्यानंतर गाडी दुसरीच.

हे मेस्त्री साठीच्या पुढचे. दर वीस हजार किलोमीटरला टॅपेट, म्हणजे रॉकर आर्म आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट, बघून घ्या म्हणतात, कारण या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, गॅप हातानेच धरावी लागते. मला वाटलं होतं सकाळी नऊला गाडी नेली की झालं. ते म्हणाले, "रात्रीच लावून जा. गार इंजिनावरच हात घालणार. गरम असताना माप खोटं येतंय." दुसऱ्या दिवशी सात वाजता गेलो तर टॅपेट कव्हर उघडून ठेवलेलं, आत जुन्या ऑइलचा मधासारखा रंग, आणि ते फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती कपड्याने पुसत बसलेले. इनटेकला मिलिमीटरच्या दोन दशांशाच्या आसपास, एक्झॉस्टला त्याहून जरा जास्त. पाती आत सारून स्क्रू आवळायचा, मग पाती ओढून बघायची: सुटी नको, अडकायलाही नको, लोण्यातून सुरी ओढल्यागत यायला हवी. सोळा व्हॉल्व्ह, प्रत्येकाला दोनदा. आमच्या इन्स्पेक्शन टेबलावर मी डिजिटल गेजवर जे वाचतो ते हा माणूस बोटाच्या पेरावर वाचतो. तासभर मी नुसता उभा राहून पाहिलं.

खरं सांगायचं तर उद्यमनगर जवळ नसतं तर मी ही गाडी रोजच्या वापराला घेतली नसती. जुन्या पिढीतले नावाजलेले कारागीर म्हादबा मेस्त्री, त्यांचं नाव आजही आदराने घेणारं हे गाव. गिअर लिंकेजची बुश झिजून गिअर लिव्हर खुळखुळत होता. नवी बुश कुठे मिळेना. एका लेथवाल्याने जुन्या बुशचं माप घेतलं, पांढऱ्या नायलॉनच्या रॉडमधून दोन टर्न करून दिल्या, साडेतीनशे रुपये. आता तिसरा गिअर टाकताना हाताला जो ठोस खटका लागतो तो नव्या गाडीतही लागत नाही. फिल्टर, बेल्ट, ब्रेक पॅड, क्लच प्लेट अजून सहज मिळतात. हेडलाइट, बंपर, दाराच्या आतले प्लास्टिक यांचे मात्र हाल आहेत. डावा हेडलाइट मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून आणला, तोही तिसऱ्या खेपेला.

आता चालवण्याचं. शहरात ही गाडी काही खास वेगळी लागत नाही. कावळा नाक्याच्या गर्दीत ती साधी, हलकी, जुनी सिटी आहे. स्टिअरिंग हलकं, काचा मोठ्या आणि खांब बारीक, त्यामुळे चारी बाजू दिसतात. आजच्या गाड्यांत ते सुख गेलं. स्पीडब्रेकरला मात्र पोट घासतं. मागे तिघे असतील तर तिरकी घ्यावी लागते, आणि आमच्या भागातले काही स्पीडब्रेकर मला आता तोंडपाठ झालेत.

खरी गाडी कळते करूळ घाटात. काँक्रीटचं काम झाल्यापासून रस्ता सुरेख झालाय. पहाटे निघायचं, गगनबावड्याहून खाली वैभववाडीला उतरायचं, चहा घ्यायचा आणि परत वर यायचं. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये चार हजारापर्यंत इंजिन गुमान काम करतं. वळण सरळ होतं, पाय दाबला की साडेचार-पाच हजारांच्या पुढे तो आवाज बदलतो, राजारामपुरीतला, आणि गाडी पुढून हलकी झाल्यासारखी सात हजाराकडे धावते. आवाज बदलतो तेव्हा काटा ताशी साठ-सत्तरलाच असतो. कुणाला ओव्हरटेक करायचं नसतं, कायदा मोडायचा नसतो. नव्या टर्बो गाड्या याहून जोरात पळतात, मित्राची चालवून पाहिलीय. पण त्यांची ताकद तळाशीच सगळी हातात येते. इथे ती वर जाऊन मागावी लागते, गिअर योग्य लागतो, कान उघडे लागतात. घाट संपतो तेव्हा हातांना काम केल्यासारखं वाटतं. डिझायरमध्ये त्याच रस्त्याने मी कितीदा आलो असेन, एक फेरी आठवत नाही.

त्यासाठी ऑइलची पातळी दर रविवारी बघतो. सगळा खेळ ऑइलच्या दाबावर आहे. पातळी उतरली की वरचा लोब नीट अडकत नाही. माझी गाडी हजार किलोमीटरला साधारण दोनशे मिली पिते. या वयाला मी ते मान्य केलंय.

पावसाळ्याने एकदा रडवलं. जुलैची संध्याकाळ, धो धो पाऊस, मुलगा सोबत, रंकाळ्याच्या कडेने येत होतो. इंजिन फटफट करायला लागलं आणि चौकाच्या अलीकडे बंद. मुलगा घाबरला, मागे हॉर्नचा गलका. दोघा पोरांनी ढकलून कडेला लावून दिली. प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपला केसासारखी चीर होती, वयाने आलेली, तिच्यातून ओल आत गेली. कॅप आणि रोटर बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, त्यानंतर पाऊस निभावला. पण पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की मी गाडी घराबाहेर काढत नाही. पाणी साचलेल्या रस्त्यात ही खाली बसलेली गाडी घालणं म्हणजे इंजिनाचा घास करणं.

घरच्यांचं मत लपवत नाही. आण्णांचे गुडघे दुखतात, सीट खाली आहे, उतरताना दाराला धरून उठावं लागतं. त्यांना कुठे न्यायचं असेल तर थोरल्या भावाची एर्टिगा घेतो. ती सोय नसती तर डिझायर विकायचा मला अधिकारच नव्हता. बायको म्हणाली, "मी बसतो हिच्यात, पण रात्रीचा हायवे नको." तिचं बरोबर आहे. माझ्या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, मागे ड्रम ब्रेक आहेत. सातारा-कागल सहापदरीकरणात जागोजागी वळवलेले रस्ते आणि त्यात रात्री ट्रक. म्हणून अंधार पडल्यावर कुटुंबासह हायवेला जात नाही, आणि ब्रेक, टायर, सीट बेल्ट यांत एक रुपया वाचवला नाही. ही उणीव भरून निघत नाही. ज्याच्या घरात ही एकमेव गाडी असणार आणि लहान पोरं असणार, त्याला मी घे म्हणून सांगणार नाही.

खर्च. घेतल्यापासून दुरुस्तीला १ लाख १८ हजार गेले, त्यात सर्वांत मोठे आकडे सस्पेन्शन (३१ हजार), टायर (२० हजार) आणि एसी (१८ हजार). यातला बहुतेक खर्च पहिल्या चार महिन्यांतला. पेट्रोलचं सरासरी साडेअकरा पडतं. शहरात दहा, हायवेला चौदा. डिझायरला एवढ्याच अंतराला साठ-एकसष्ट हजारांचं डिझेल लागलं असतं, इथे सव्वा लाखाच्या आसपास पेट्रोल लागलं. दुप्पट, सरळ हिशेब. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आपल्याच भागातल्या उसाच्या मळीतूनही ते इथेनॉल बनतं, त्याला माझा विरोध नाही, पण २००२ चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे पेट्रोल होज इथेनॉलला टिकणारे घालून घेतले, २,८०० रुपये. जुन्या पेट्रोल गाडीवाल्याने हे काम पुढे ढकलू नये, पेट्रोलची गळती म्हणजे आगीशी गाठ आहे.

कागदपत्रांचं: नोंदणी २०२७ पर्यंत आहे. वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झालीय, वर फिटनेस आणि पर्यावरण कर. थर्ड पार्टी विमा ३,४१६ अधिक जीएसटी असा धरला होता. नवी नंबर प्लेट बसवून घेतली. गाडी बघायला जाताना आधी आरसी मागा, मग बॉनेट उघडा.

सध्या मागच्या डाव्या चाकाच्या कमानीला गंजाचा फोड आलाय, रुपयाच्या नाण्याएवढा. पावसाळा संपला की तेवढा पत्रा कापून नवा जोडायचाय. टॅपेटही एकदा बघून घ्यायचेत. शनिवारी रात्री गाडी उद्यमनगरात लावायची आहे, मेस्त्रींनी सांगितलंय दहाच्या आत ये, नंतर शटर ओढतो.