बाहुलीचे थंडीचे कपडे आणि मिनी शिलाई मशीन: घ्यावी, की घरातली काळी हातमशीन खाली काढावी?

आधी निकाल सांगतो. घरात हँडलची जुनी काळी मशीन असेल, मग ती माळ्यावर धूळ खात का असेना, तर बाहुलीच्या कपड्यांसाठी मिनी मशीन विकत घेऊ नका. घरात कुठलीच मशीन नसेल, जागा कमी असेल आणि मुख्य काम चुण्यांचे घागरे, दुलया, गोधड्या अशा सपाट शिवणीचं असेल, तर टेबलावर ठेवायची, दोन दोऱ्यांची मिनी मशीन चालेल. हातात धरून स्टेपलरसारखी दाबायची मशीन मात्र कुणीच घेऊ नये.

दिवाळी सरली की दोन्ही प्रकार 'मुलींसाठी, बाहुलीच्या कपड्यांसाठी' म्हणून ऑनलाइन जोरात विकले जातात. हातातली साधारण तीनशे ते पाचशे रुपयांना, टेबलावरची हजार-बाराशेपासून पुढे. डिसेंबरात धुळे-जळगावचा पारा दहाच्या खाली उतरतो, सातपुड्यात तोरणमाळ-डाबकडे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, मुलं संध्याकाळी लवकर घरात येतात आणि बाहुलीलाही स्वेटर हवा असतो. इथवर सगळं ठीक. पण जाहिरातीतला 'छोट्या कपड्यांसाठी छोटी मशीन' हा हिशोब चुकीचा आहे. कपडा जितका लहान तितकी मशीन अचूक लागते, आणि या मशीन नेमक्या तिथेच कमी पडतात.

हातातली मशीन

ही एकाच दोऱ्यानं साखळी टाका घालते, खाली बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) नसतं. खताच्या गोणीचं तोंड याच जातीच्या टाक्यानं शिवलेलं असतं. बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळी शिवण सुटते. गोणीला ती सोय आहे. बाहुलीचा फ्रॉक दिवसातून दहा वेळा चढतो-उतरतो, त्याला ही अडचण. शेवटच्या फासातून दोरा ओवून हातानं गाठ मारली तर टिकतं, पण प्रत्येक शिवणीला हे करायचं तर सुई-दोऱ्यानं उलट टीप घालणं जास्त लवकर होतं. या मशीनबद्दल एवढं पुरे.

टेबलावरची मिनी मशीन

हिला वर रीळ, खाली बॉबिन, म्हणजे टाका पक्का लॉकचा. चार पेन्सिल सेल किंवा सहा व्होल्टचा अडॅप्टर, कमी-जास्त वेगाचं बटण, एक छोटं पॅडल, एक दिवा. सुती कापडाच्या दोन थरांवर सरळ टीप नीट पडते. तक्रारी तीन आहेत.

पहिली, टाक्याची लांबी. बहुतेक मिनी मशीनवर ती ठरलेली असते आणि इंचाला जेमतेम सात-आठ टाके पडतात. साडेअकरा इंची बाहुलीच्या, म्हणजे बार्बीच्या मापाच्या कपड्याला इंचाला बारा ते पंधरा टाके हवेत. तिच्या गळ्याची किंवा काखेची गोलाई एवढी घट्ट असते की लांब टाक्यानं गोल येतच नाही, कोन येतात. उलटवून पाहिलं की गळा षटकोनी दिसतो. शिवाय शिवण उलटवण्याआधी माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) एका सुतापर्यंत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापर्यंत, कापावी लागते, आणि लांब टाक्यांच्या मधून फ्लॅनेलचे धागे तिथे निसटतात.

दुसरी, कापड गिळणं. सुईच्या प्लेटचं भोक कपड्याच्या मानानं मोठं असतं. दीड इंचाची बाही लावली की पहिल्याच टाक्याला सुई कोपरा खाली ढकलते आणि बॉबिनशी गुंता होतो. उपाय सोपा आहे. कापडाखाली वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी ठेवून कागदासकट शिवा, नंतर कागद टाक्याच्या रेषेवर फाडून काढा. पांढऱ्या कापडाला शाई लागते, तिथे कोरा पातळ कागद घ्या. दुसरं म्हणजे टीप कपड्यावर सुरू न करता आधी एका चिंधीवर चार टाके घाला आणि न थांबता चिंधीवरून कपड्यावर जा. पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत वरचा आणि खालचा, दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा. एवढं केलं की गिळण्याची तक्रार बरीचशी मिटते.

तिसरी, उलटी टीप नसणं. स्वस्तातल्या मशीनला रिव्हर्स नसतो. शिवण संपल्यावर खालचा दोरा ओढला की वरच्या दोऱ्याचा फास खाली येतो. तो सुईच्या टोकानं काढून दोन्ही दोऱ्यांची दुहेरी गाठ मारायची. हे टाळलं तर काखेतली शिवण आठवडाभरात उसवते.

खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होत असेल तर दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो, खालच्या नव्हे: फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना दोरा ओवला की तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसत नाही. फूट वर करून पुन्हा ओवा. टाके सुटत असतील तर सुई खोबणीत पूर्ण वर गेली आहे का आणि तिची सपाट बाजू पुस्तिकेत दाखवलेल्या दिशेला आहे का, ते पाहा. सोबत येणारी रंगीत रिळं कच्ची असतात, दोरा तुटतो आणि दोष मशीनला जातो. पहिल्याच दिवशी साधा चांगला पॉलिस्टर शिलाई दोरा लावा.

आणि जिथे ही मशीन खरोखर कामाची आहे ते जाहिरातीत कुणी सांगत नाही. चुणीला लांब टाकाच लागतो. घागऱ्याच्या वरच्या काठावर एका सुताच्या अंतरानं दोन समांतर टिपा मारा, टोकांना गाठ नको, मग दोन्ही खालचे दोरे एकदम ओढा. चुणी सारखी पडते. बार्बीच्या मापाच्या बाहुलीची कंबर साधारण नऊ सेंटिमीटर. सुती कापडाचा घागरा असेल तर तिप्पट घेर छान दिसतो, पण फ्लॅनेलला दुपटीच्या वर जाऊ नका. माया धरून वीस-बावीस सेंटिमीटर पुरे, नाहीतर कमरेला जाड वळी तयार होते आणि वरची बंडी बंद होत नाही.

कापड कोणतं

फ्लीस, म्हणजे मऊ ब्लँकेटचं लवदार कापड, सगळ्यात सोपं: धागे सुटत नाहीत, त्यामुळे काठ दुमडायला लागत नाही. जुनं बेबी ब्लँकेट एकच फाडलं तरी दहा बाहुल्यांचा हिवाळा निघतो. फ्लीस एका दिशेला जास्त ताणतं. ती दिशा अंगाभोवती आली पाहिजे, उभी नव्हे. मिनी मशीन फ्लीसचे दोन थर ओढते, तिसऱ्याला मोटर नुसती गुणगुणते. सुई बॉलपॉइंटची, म्हणजे गोलसर टोकाची, अकरा नंबरची. ती मशीनच्या जातीत मिळत नसेल तर निदान कोरी, धार न गेलेली घाला. आणि दोन-तीन कपडे झाले की प्लेटखालची लव ब्रशनं काढा, कापड पुढे ओढणाऱ्या दातांमध्ये ती नमद्यासारखी बसते.

फ्लॅनेल म्हणजे बाळाच्या दुपट्याचं कापड. ऊब चांगली, पण धुतल्यावर आटतं, म्हणून कापण्याआधी धुऊन घ्या. गडद लाल, मरून, नेव्ही ब्ल्यू कापड बाहुलीच्या प्लास्टिकला रंग सोडतं आणि तो डाग निघत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. रंग आला तर आतून पांढरं सुती अस्तर लावा किंवा ते कापड सोडून द्या. कटपीस, लेस, बारीक बटणं जळगावच्या फुले मार्केटमध्ये पाहता येतील, पण या मापाला ओळखीच्या टेलरकडची कातरण पुरते. वांग्याच्या भरताचा मोसम असल्यामुळे एक सूचना: तेलकट बोटं पांढऱ्या फ्लॅनेलला लावू नका.

बंडी, टोपी, गोधडी

बंडीला फ्लीसचा अठरा बाय आठ सेंटिमीटरचा एक तुकडा पुरतो, ताण अठराच्या बाजूनं. दोन्ही आखूड कडांपासून साडेचार सेंटिमीटरवर वरून खाली साडेतीन सेंटिमीटरचे दोन काप द्या आणि काप बारीक यू आकाराचे करा. मधला नऊ सेंटिमीटरचा भाग पाठ, बाजूचे दोन पुढचे पल्ले. आता दोन्ही खांद्यांवर, कापाच्या कडेपासून गळ्याकडे दीड सेंटिमीटर शिवा. संपली बंडी. गळ्याची उरलेली टोकं बाहेर दुमडली की कॉलर होते. गंमत पाहा, या अख्ख्या बंडीत शिवण आहे फक्त दोन ठिकाणी, प्रत्येकी दीड सेंटिमीटर. मशीनमध्ये दोरा ओवेपर्यंत हातानं शिवून होतं. बंद करायला सगळ्यात लहान टिचबटण लावा. वेलक्रो सोपा वाटतो, पण त्याचे आकडे फ्लीसची लव आणि बाहुलीचे केस दोन्ही ओढतात.

बाहीचा फ्रॉक असेल तर क्रम बदलू नका: आधी खांदे, मग बाहीची मोरी (मनगटाकडचा काठ) दुमडून टीप, मग बाही सपाट पसरून काखेच्या गोलाईला, आणि शेवटी मनगटापासून कमरेपर्यंत एकच शिवण. माणसाच्या कपड्यासारखी बाही आधी नळी करून लावायला गेलात तर मिनी मशीनच काय, कुठल्याच मशीनचा हात तिच्यात जात नाही.

टोपीला लहान बाळाचा जुना मोजा घ्या. घोट्याचा रिबचा भाग पाच सेंटिमीटर कापा, कापलेल्या काठाजवळ धावदोरा घाला, ओढून गाठ मारा. रिब खाली, गाठ वर. जुन्या स्वेटरची बाही वापरत असाल तर कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी आधी बारीक टीप मारा आणि मगच कात्री लावा, नाहीतर वीण पळते.

गोधडी हे मिनी मशीनचं सगळ्यात चांगलं काम. जुन्या सुती साडीचे वीस बाय अठ्ठावीस सेंटिमीटरचे दोन तुकडे, मध्ये फ्लॅनेलचा एक. कापसाच्या पट्ट्यातलं घर म्हणून शेतातला कापूस तसाच भरायचा मोह होतो. त्यात सरकी असते, सुई तिच्यावर आपटून मोडते आणि सरकी फुटली तर तेलाचा डाग पडतो. कापूस हवाच तर सरकी काढलेला, पिंजलेला घ्या आणि पातळ पसरा. तिन्ही थरांना पाच-पाच सेंटिमीटरवर कच्चे टाके घाला. टिपा मधून बाहेर, दोन सेंटिमीटरच्या अंतरानं. एका कडेपासून सुरुवात केली तर वरचा थर पुढे सरकत जातो आणि शेवटच्या काठाला चुणी येते. लांब टाका इथे शोभतो, हातच्या गोधडीसारखा दिसतो.

थंडीमुळे येणाऱ्या अडचणी

पहाटेच्या गारठ्यात सेलचा जोर कमी होतो. मशीन रडल्यासारखी चालली तर लगेच मोटर गेली असं समजू नका. सेल खोलीत थोडे ऊबदार होऊ द्या, नाहीतर नवे घाला. साधे जस्ताचे सेल या मोटरला लवकर हरतात, अल्कलाइन घ्या. अडॅप्टर मशीनवर लिहिलेल्या व्होल्टचाच हवा. घरातला राउटरचा बारा व्होल्टचा लावला तर मोटर जळू शकते. रोज शिवणार असाल तर सेलपेक्षा अडॅप्टर स्वस्त पडतो, पण भारनियमनात हँडलच्या मशीनला दोन्ही लागत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

काळ्या मशीनची थंडीतली तक्रार वेगळी: हँडल फिरतच नाही. नव्वद टक्के वेळा, असं धरून चाला, कुणीतरी तिला खोबरेल घातलेलं असतं. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबरपासूनच ते सांध्यांत मेणासारखं बसतं. मशीन तासभर उन्हात ठेवा, सगळ्या तेलाच्या भोकांत थोडं घासलेट सोडा, दोरा न ओवता दोन-तीन मिनिटं फिरवा, बाहेर आलेली घाण पुसा, मग शिलाई मशीनचंच पांढरं तेल एकेक थेंब. त्यानंतर चिंधीवर शिवत राहा, डाग पडेनासा होईपर्यंत. मिनी मशीन प्लास्टिकची असते, तिला घासलेट लावू नका.

या काळ्या मशीनचं मोल असं, की हँडल थोडंसं फिरवून नेमक्या टाक्यावर थांबता येतं. गळ्याच्या गोलाईत एक टाका, सुई कापडात ठेवून फूट वर, कापड जरासं वळवा, पुढचा टाका. मिनीचं पॅडल दाबलं की तिचे दोन-तीन टाके होऊन जातात. तिच्या बाजूचं चाक हातानं फिरवूनही गोलाई शिवता येते, पण टाक्याची लांबी तीच राहते.

बसायला सकाळचं ऊन सगळ्यात चांगलं, गडद कापडावर गडद दोरा तिथेच दिसतो. बोटं बधिर होत असतील तर टोकं कापलेले हातमोजे घाला. फ्लीस आणि शेकोटीची गाठ घालू नका, ठिणगीनं ते वितळून चिकटतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून शिवत बसणं तर जिवावरचं. फ्लीसवर गरम इस्त्रीही नको.

घेणारच असाल तर

पार्सल फोडल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत या चाचण्या करा: सुती कापडाच्या दोन थरांवर फूटभर टीप, मग फ्लीसच्या दोन थरांवर, मग कागद लावून चार सेंटिमीटरच्या वर्तुळावर. टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे आणि कापड आपोआप सरळ पुढे गेलं पाहिजे. एका बाजूला सरकत असेल तर दाते वाकडे बसले आहेत, ते घरी दुरुस्त होत नाहीत. सोबतच्या बॉबिनचं माप आणि सुईची जात दुकानात दाखवून तीच मिळते का ते त्याच आठवड्यात पाहून घ्या. काही मिनी मशीनची सुई आखूड असते, नेहमीची घरगुती सुई तिच्यात बसत नाही, आणि सोबत दिलेल्या एक-दोन सुया मोडल्या की मशीन पडून राहते. सुई मिळत नसेल तर मशीन परत करा.