पेंट रिमूव्हर, नायलॉनचा ब्रश, मुलतानी माती आणि आमचं पोरगं

तीन वस्तूंबद्दल लिहितोय. तिन्ही लक्ष्मीपुरीतून आणल्या, रोख पैसे मोजून. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण एका वस्तूबद्दल वाईट लिहायचंय आणि दुकानदार माणूस भला आहे.

मी पेंटर. पाट्या, शटर, ट्रकच्या मागची वाक्यं, पूर्वी निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आल्यापासून धंदा निम्म्यावर आला, ते असो. तेहतीस वर्षं रंग लावतोय. रंग काढायची पाळी यंदा पहिल्यांदा आली, आणि तोसुद्धा माझ्याच डब्यातला.

झालं असं. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातो. संध्यामठाच्या बाजूला कठड्याच्या काळ्या दगडावर आमच्या पेठेच्या फुटबॉल टीमचं नाव, दोन-दोन फुटी अक्षरांत. कोल्हापुरात फायनल झाली की पेठांच्या अंगात येतं, त्यात नवल नाही. मी थांबलो तो रंग बघून. केशरी होता, पण बाजारातल्या कुठल्याच डब्यात मिळत नाही असा. एका बेकरीच्या पाटीसाठी मी केशरीत थोडा पिवळा आणि बोटभर पांढरा घालून तो तयार केला होता. तरी म्हटलं, असेल योगायोग. मग ‘पेठ’मधला ‘ठ’ बघितला. आमचं धाकटं ‘ठ’चा गोल खालून सुरू करतं आणि वर आणून अर्धवट सोडतं, त्यामुळं पोटाला फट राहते. पहिलीपासून सांगतोय, वरून घे. ती फट दोन फुटांची होऊन माझ्यासमोर उभी होती.

घरी आल्यावर विचारलं. आधी खाली बघितलं, मग म्हणालं, “पप्पा, फायनल जिंकलो होतो.”

“जिंकलासा न्हवं? मग कठड्यानं काय घोडं मारलं हुतं तुमचं?”

उत्तर नाही. तिघं होते. तिघंही अकरावीत. आणि याच पोरानं 2025 च्या जुलैत पन्हाळ्याचं नाव युनेस्कोच्या यादीत आलं तेव्हा दिवसभर भगवं स्टेटस ठेवलं होतं, “आमचा वारसा” म्हणून. बारा किल्ले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी, हे मला त्यानंच शिकवलं होतं.

संध्याकाळी तिघांचे बाप माझ्या दुकानात बसलो. एक म्हणाला, दोन कानाखाली काढा, विषय संपवा. दुसरा म्हणाला, महापालिकेचा दंड काय होईल तो मी भरतो, पोरांचं वर्ष वाया जायला नको. तालमीतला एक तरणा पोरगा तिथंच उभा होता, त्यानं सुचवलं की तिघांना कान धरून उभं करू आणि व्हिडिओ टाकू. मला तिन्ही पटेनात. मार खाल्ला की पोरगं हिशेब मिटला समजतं. दंड बापाच्या खिशातून जातो. आणि व्हिडिओ म्हणजे कठड्यावर लिहिलं ते पुसायला पोराच्या कपाळावर लिहिणं. कठड्याचं निघेल, ते निघत नाही.

ज्यांची पाटी मी त्या आठवड्यात रंगवत होतो ते वकीलसाहेब म्हणाले, नशीब समजा हे पन्हाळ्यावर झालं नाही. केंद्राच्या संरक्षित वास्तूवर असलं काही केलं तर 1958 च्या कायद्यात, 2010 च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र अठराच्या आतलं पोरगं असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, आणि मंडळाला त्याच्याकडून समाजसेवा करून घेता येते, 2015 च्या कायद्यात तशी सोय आहे. मोठ्यांसाठीही नव्या न्याय संहितेत ही शिक्षा आली, 1 जुलै 2024 पासून, पण किरकोळ चोरी, दारू पिऊन धिंगाणा असल्या मोजक्याच गुन्ह्यांना.

थोरली शिवाजी विद्यापीठात इंग्रजी शिकते. तिनं जेवताना एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात रिप्टन नावाचं गाव आहे. तिथं रॉबर्ट फ्रॉस्ट हा कवी उन्हाळ्यात राहायचा ते जुनं शेतघर जपून ठेवलंय. डिसेंबर 2007 मध्ये तिथल्या पोरापोरींनी आत घुसून दारूची पार्टी केली, खुर्च्या मोडून जाळल्या, घाण केली. दोन डझनांहून जास्त पोरं सापडली. त्यातल्या बऱ्याच जणांना शिक्षेचा भाग म्हणून काय मिळालं, तर फ्रॉस्टच्या कवितेचे वर्ग! त्याचं चरित्र लिहिणाऱ्या जे पारिनी नावाच्या प्राध्यापकांनी घेतले. ज्याच्या घरात धिंगाणा घातला, तो माणूस कोण होता ते बसून ऐका.

मला ते आवडलं, पण रंकाळ्याची कविता मी कुठून आणू? मग डोक्यात आलं, रंकाळा म्हणजे दगड. आपले जुने लोक सांगतात, इथं दगडाची खाण होती, भूकंपात जमीन खचली आणि पाणी भरलं. नंदीची गोष्ट तर प्रत्येक कोल्हापूरकराला पाठ आहे, रोज गव्हाएवढा पुढं सरकतो, तांदळाएवढा मागं येतो, आणि रंकाळ्यापर्यंत पोचला की प्रलय. तर पोरांना दगडच शिकवायचा. वॉर्डाच्या मुकादमाला भेटून रीतसर अर्ज दिला, परवानगी मिळाल्यावरच कठड्याला हात लावला. हे मुद्दाम सांगतोय. उत्साहाच्या भरात किल्ल्यावर जाऊन स्वतः घासायला बसू नका, संरक्षित वास्तूवर तोही गुन्हा ठरू शकतो.

आता वस्तूंकडे येतो.

पेंट रिमूव्हर. अर्धा लिटर, 310 रुपये. डब्यावर लिहिलंय “पाच मिनिटांत कोणताही रंग”. साफ खोटं. लोखंडी शटरवर चालत असेल, दगडाचं गणित वेगळं. आपला काळा दगड दिसायला घट्ट, पण जवळून बघा, मोहरीएवढी, ज्वारीएवढी भोकं असतात. वरचा पापुद्रा दहा मिनिटांत फुगून सुटला, हे कबूल. पण भोकांतला रंग पातळ होऊन आणखी आत उतरला. थिनरनं पुसायला गेलात तरी तेच होतं, अक्षर जातं आणि केशरी सावली पसरते. शिवाय वास असा की डोळ्यांतून पाणी. हा डबा मी पोरांच्या हातात दिला नाही. हातमोजे घालून मीच लावला, खाली प्लॅस्टिक अंथरून, चिंध्यांनी सगळं टिपून घेतलं. रंकाळ्यात थेंब पडू द्यायचा नव्हता. त्या पाण्यानं केंदाळ सोसलं, गटारं सोसली, आता माझा रिमूव्हर नको. पाचपैकी दोन.

एक सल्ला, वेळेवर कुणी दिला नाही म्हणून देतो. ऑइलपेंट आठवडाभरात कडक होतो. दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं असतं तर निम्मं काम चिंधीनंच झालं असतं. मी आठ दिवसांनी बघितलं.

नायलॉनचा ब्रश. 60 रुपयांना एक, तीन घेतले. दुकानदारानं आधी तारेचा ब्रश पुढं केला होता, “ह्यानं कसं झटक्यात निघतंय बगा.” निघतं, पण दगडाचं अंगही निघतं, चरे पडतात, आणि तारेचे बारीक तुकडे भोकांत अडकून पावसाळ्यात गंजतात. मग केशरीच्या जागी तांबडे डाग. ॲसिडची बाटलीही त्यानं दाखवली. जुन्या बांधकामात सांध्यांना चुना असतो, ॲसिड तो खाऊन टाकतं. दोन्ही परत ठेवले. नायलॉनचा ब्रश मऊ, म्हणून काम हळू. पहिल्या सकाळी सहा ते आठ तिघांनी मिळून एक वेलांटी आणि अर्धा ‘प’ काढला. लिहायला किती वेळ लागला होता, विचारलं तर एकजण म्हणाला, “काका, दहा मिनिटं असतील.” मी काही बोललो नाही. फिरायला येणाऱ्या एका आजींनी बोलून घेतलं तेवढं पुरे होतं. ब्रशला पाचपैकी चार. मुठीजवळ केस लवकर वाकतात, म्हणून एक कमी.

मुलतानी माती. एक किलो, 80 रुपये. तिघं हसले, म्हणाले, कठड्याला फेसपॅक? मी म्हटलं, ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडतो तेव्हा पुरातत्त्व खात्याचे लोक त्याला हाच लेप लावतात, मग तुमच्या कठड्याला काय कमीपणा आहे? हसणं थांबलं. खरंच की नाही ते त्यांनी मोबाइलवर बघितलं. खरं निघालं.

पद्धत सांगतो. माती टर्पेंटाइनमध्ये श्रीखंडाएवढी घट्ट कालवायची. दगड कोरडा हवा. पाऊण बोट जाड थापायची, भोकांत दाबून. वर प्लॅस्टिकचा कागद, कडांना चिकटपट्टी, म्हणजे उडून जात नाही. रात्रभर टर्पेंटाइन आतला रंग सैल करतं. दुसऱ्या सकाळी कागद काढायचा आणि माती वाळू द्यायची. वाळताना ती आतलं ओढून घेते, आणि वाळली की खपली निघावी तशी सुटते. कालवायचं काम माझं, थापायचं आणि खरवडायचं पोरांचं, लाकडी पट्टीनं, हातमोजे घालून.

पहिली खपली आमच्या धाकट्यानं काढली. उलटी करून बघितली तर आतल्या बाजूला केशरी ठिपके, प्रत्येक भोकाचा एक. त्यानं ती खपली माझ्यापुढं धरली, आणि ह्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा आपणहून बोललं, “पप्पा, एवढं आत गेलंतं?”

चार सकाळी गेल्या, तीन लेप झाले. तिसऱ्या दिवशी एकाच्या बापानं “आता बास की, परीक्षा आहे” म्हणून निरोप पाठवला. पोरगं तरी आलं, उशिरा आलं, पण आलं. मधल्या वेळात मी दगड दाखवत होतो, टाकी कुठं लागली, घाव कुठल्या बाजूनं आलाय, सांधा कसा बसवलाय. किती डोक्यात शिरलं देव जाणे. एकजण तर पूर्णवेळ चहाच्या गाड्याकडे बघत होता. तो तसाच परत लिहील, असं मला अजूनही वाटतं.

फुकटातली आणखी एक शिक्षा मी आमच्या पोराला वेगळी दिली. दुकानात जुन्या पत्र्यावर रोज पन्नास ‘ठ’. वरून सुरू करून, फट न ठेवता. हे सार्वजनिक मालमत्तेसाठी नव्हे, माझ्या धंद्याच्या अब्रूसाठी.

माती निम्मी उरली, ती बायकोनं घेतली. तिचा वेगळा रिव्ह्यू आहे, तो चांगला आहे म्हणे.

आता निकाल. कोरड्या दगडावर काही म्हणजे काही दिसत नाही, माहीत नसलेल्या माणसाला जागा सापडणार नाही. पण गेल्या आठवड्यात वळीव झाला आणि सगळा कठडा भिजून काळा पडला, तेव्हा एका जागी दगडानं पाणी धरलं नाही. भोकांत तेल राहिलं असणार. तेवढाच भाग कोरडा, करडा, आणि नीट बघितलं तर पोटाला फट असलेला ‘ठ’. धाकट्यानंच तो आधी बघितला आणि घरी येऊन विचारलं, माती किती उरलीय.

मातीला पाचपैकी साडेचार. अर्धा त्या ‘ठ’चा कापलाय, चौथ्या लेपानंतर बघू.